दोन मिनिटं पृथ्वीची, दोन माझी

आजच्या भागात माझ्या आवाजामागे एक टिकटिक सतत ऐकू येईल. ती काढून टाकता आली असती, सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकचं काम आहे. पण आजचा भाग त्या टिकटिकीबद्दलच आहे, म्हणून मुद्दाम ठेवली. हे घड्याळ बाबांनी आणि मी मिळून नागपूरला आमच्या घराच्या मागच्या पडवीत बनवलं. पितळेचं आहे, वजनावर चालतं आणि त्यात बॅटरी, क्वार्ट्झ, चिप असं काहीही नाही. बनवायला चौदा महिने लागले. आणि पहिल्यांदा चाललं तेव्हा ते रोज चार मिनिटं मागे पडायचं.

त्या चार मिनिटांचा शोध घेता घेता मी भास्कराचार्यांपासून हिंगणघाटच्या एका थडग्यापर्यंत पोचलो. तो प्रवास आज सांगतो. थोडा वाकडातिकडा आहे, सांभाळून घ्या.

आधी कारखान्याबद्दल. कारखाना म्हणजे काय, दहा बाय आठची पडवी. त्यात एक जुनी छोटी लेथ, एक वाईस, एक ड्रिल मशीन आणि बाबांची लोखंडी पेटी. बाबा कापड गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी इतका लहान होतो की मला त्याचं एवढंच आठवतं, बाबा दुपारी घरी असायला लागले आणि मला त्याचा आनंद झाला होता. नंतर त्यांनी मिळेल ते काम केलं, पण ती पेटी विकली नाही. त्यात मायक्रोमीटर आहे, कानशी आहेत, वेगवेगळ्या मापांच्या टॅप-डाय आहेत, सगळं तेल लावून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. मी बीटेक केलं, नोकरी लागली, घरून काम सुरू झालं. एका रविवारी यूट्यूबवर कोणीतरी पितळेचं घड्याळ घरी बनवताना बघितलं आणि बाबांना दाखवलं. त्यांनी पूर्ण बघितलं, मग म्हणाले, "यात काय आहे? हे तं होते."

बस्स. दुसऱ्या दिवशी आम्ही इतवारीत पितळेचा पत्रा शोधत होतो. इतवारीत भांड्यांचं पितळ हवं तेवढं मिळतं, पण आम्हाला तीन मिलिमीटर जाडीचं, थोडं शिसं मिसळलेलं पितळ हवं होतं, कारण ते कापताना तुकडे भुग्यासारखे सुटतात, चिकटत नाहीत. दुकानदाराने विचारलं, काय बनवता? बाबा म्हणाले, घड्याळ. त्याने आमच्याकडे असं बघितलं की बास.

आता इतिहासाकडे वळू. आपल्याकडे घड्याळ म्हटलं की काय होतं? शब्दातच उत्तर आहे. घटी, घटका, घटिका, घड्याळ. घट म्हणजे भांडं. तांब्याची एक वाटी, तळाला बारीक भोक, ती पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यावर तरंगत सोडायची. हळूहळू पाणी आत शिरतं, वाटी भरते आणि बुडते. एकदा बुडाली की एक घटका झाली, म्हणजे आजची 24 मिनिटं. दिवस-रात्र मिळून 60 घटका. एका घटकेची 60 पळं, म्हणजे एक पळ 24 सेकंदांचं. "घटका भरली" हा वाक्प्रचार आपण अजून वापरतो, पण त्यात खरोखर काहीतरी भरत होतं हे विसरलोय. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मुहूर्त साधायला हीच वाटी ठेवायचे. आता गुरुजी मोबाइल बघतात. तक्रार नाही, मोबाइल जास्त अचूक आहे.

लीलावतीची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. भास्कराचार्यांच्या मुलीच्या लग्नाला घटिकापात्र लावलं होतं, तिने वाकून बघितलं, तिचा एक मोती त्यात पडला, भोक बुजलं, वाटी बुडलीच नाही आणि मुहूर्त टळून गेला. ही गोष्ट फैजीने 1587 मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं त्यात येते, म्हणजे भास्कराचार्यांच्या जवळजवळ चारशे वर्षांनंतर. तेव्हा ती खरी धरायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मला मात्र भास्कराचार्यांचं दुसरं एक म्हणणं जास्त आवडतं. 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीत त्यांनी यंत्रांवर लिहिलंय. घटिकापात्र अमुक वजनाच्या तांब्याचं, भोक अमुक जाडीच्या सुईचं, अशी मापं जुन्या ग्रंथांत असत. भास्कराचार्य त्या भानगडीत पडत नाहीत. त्यांचं म्हणणं साधारण असं की वाटी बनवा, ती एका दिवस-रात्रीत किती वेळा बुडते ते मोजा आणि 60 ला त्या संख्येने भागा. झालं, तुमच्या वाटीचं माप मिळालं.

मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो. याला आम्ही कॅलिब्रेशन म्हणतो. भाग अगदी परिपूर्ण बनवण्याचा हट्ट सोडा, जसा बनला तसा घ्या आणि आकाशाशी ताडून बघा. आणि हा माणूस आपल्याकडचा. चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा. तो भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

त्याच ग्रंथात भास्कराचार्यांनी एक आपोआप फिरणारं चाकही सांगितलंय. पोकळ आरे, त्यांत अर्धा अर्धा पारा भरलेला, आणि चाक स्वतःच फिरत राहतं म्हणे. ते चालणार नाही हे आपल्याला आज माहीत आहे, ऊर्जा अशी फुकट मिळत नाही. पण घड्याळाच्या बाबतीत गंमत उलटी आहे. चाक फिरवणं अवघड नाहीच. दोरीला वजन बांधा, सोडा, चाक फिरतं. अवघड आहे ते त्याला दर ठराविक वेळाने थांबवणं. आम्ही पहिल्यांदा चाकं बसवून चाचणी घेतली तेव्हा वजन म्हणून पाच किलो तांदळाची पिशवी लटकवली होती. अडवणारा भाग अजून लावला नव्हता. सगळी गाडी घर्रर्र करत सुटली, पिशवी फरशीवर आपटली आणि फुटली. आईने ते तांदूळ वेचून घेतले आणि त्यानंतर किलोची वजनंच आणून दिली.

तो अडवणारा भाग म्हणजे एस्केपमेंट. युरोपात तेराव्या-चौदाव्या शतकात कधीतरी तो सुचला आणि तिथून यांत्रिक घड्याळ सुरू झालं. एक दातेरी चाक, त्यावर दोन दाढा. एक दाढ दात अडवते, सुटते, तेवढ्यात दुसरी अडवते. टिक, टॉक. जुनी घड्याळं त्यावर आडवी दांडी हलवायची आणि दिवसाला पाव तास चुकायची. मग डिसेंबर 1656 मध्ये हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने त्याला लंबक जोडला. लंबकाचा गुण असा की झोका थोडा लहान-मोठा झाला तरी वेळ जवळजवळ तेवढाच लागतो, वेळ ठरते ती लांबीवर. पाव तासाची चूक काही सेकंदांवर आली. एवढी मोठी उडी एका दमात, यंत्रांच्या इतिहासात क्वचितच दिसते.

आमच्या घड्याळाचं गणित सांगतो, सोपं आहे. लंबक एका बाजूने दुसऱ्या बाजूला एका सेकंदात जातो. शेवटच्या चाकाला 30 दाते. प्रत्येक दाताला दोन सेकंद, म्हणजे चाकाचा फेरा 60 सेकंदांचा. त्यावर थेट सेकंदकाटा बसतो. मिनिटकाट्याचं चाक तासाला एकच फेरा करतं, म्हणजे मधे 60 पटीचा फरक हवा. तो दोन टप्प्यांत केला. 64 दात्यांचं चाक 8 दात्यांच्या पिनियनला फिरवतं, आठ पट. मग 60 दात्यांचं चाक दुसऱ्या 8 च्या पिनियनला, साडेसात पट. आठ गुणिले साडेसात, साठ.

आणि इथे माझी फजिती झाली.

चाकाचे दाते कापायला तबकडी दर वेळी अगदी सारखी फिरवावी लागते. बाबांची पद्धत म्हणजे भोकांची प्लेट आणि खीळ. मी म्हटलं, बाबा, ते जुनं झालं, मी मोटर लावतो. स्टेपर मोटर, अर्दुइनो, एका फेऱ्याला 3200 पावलं. 64 दात्यांच्या चाकाला 3200 भागिले 64, बरोबर 50. चाक सुंदर निघालं. मी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. मग 60 चं चाक लावलं. 3200 भागिले 60 म्हणजे 53.33. माझ्या कोडमध्ये तो पूर्णांक होता. म्हणजे दर दाताला 53 पावलं आणि उरलेला तिसरा हिस्सा गायब. साठ दात्यांनंतर वीस पावलं कमी पडली, आणि शेवटचा दात शेजाऱ्यांपेक्षा चांगला जाड निघाला, साखरेच्या पोत्यासारखा.

रोज याच चुका शोधण्याचा मी पगार घेतो. बाबांनी चाक हातात घेऊन अंगठा फिरवला, त्या दाताशी थांबले. "अबे, एवढा शिकला न भागाकार येत नाही का तुले?" ते हसले, मी पण हसलो. पण मला लाज वाटली होती, आणि लाज वाटली की मी भलतंच बोलतो. म्हटलं, बाबा, कशाला हे सगळं, मी ड्रॉइंग पाठवतो, चाकं लेझरने कापून कुरिअरने येतील.

बाबा म्हणाले, "मंग घड्याळच मागवून घे न. तयार भेटते."

त्यानंतर बारा दिवस ते पडवीत गेले नाहीत. पेपर वाचायचे, संध्याकाळी फिरायला जायचे, जेवायचे, माझ्याशी नीट बोलायचे सुद्धा. फक्त पडवीत जायचे नाहीत. मला तेव्हा कळलं की मी काय बोललो होतो. त्यांच्या आयुष्यात एकदा कोणीतरी असं ठरवलं होतंच की ते हाताने करतात ते काम आता नको.

तेराव्या दिवशी सकाळी उठलो तर लेथचा आवाज. बाबांनी नवी चकती काढून ठेवली होती, कडा घासून गुळगुळीत. म्हणाले, "चाक मी देतो. गणित तू दुरुस्त कर." दुरुस्ती काय, आपल्या पंचांगातच आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी कमी. म्हणून ते दिवस फेकून देत नाहीत, साठवत जातात, आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालतात. मी तेच केलं. उरलेला तिसरा हिस्सा साठवायचा, आणि दर तिसऱ्या दाताला 53 ऐवजी 54 पावलं. कोडमध्ये त्या व्हेरिएबलचं नावच अधिकमास ठेवलंय. चाक बरोबर निघालं.

घड्याळ उभं राहिलं. दाढांची जुळवणी बाबांनी केली. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्यात शुगरमुळे धूसर दिसतं, त्यामुळे बारीक काम बघून करणं आता कठीण. पण टिक आणि टॉक यांच्यामधलं अंतर सारखं हवं, एक लांब एक आखूड झालं की घड्याळ लंगडतं आणि बंद पडतं. ते त्यांनी कानाने लावलं. डोळे मिटून, काटा अगदी केसभर वाकवत. मी मोबाइलचा माइक लावून तपासलं, दोन्हींत एका सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढाही फरक नव्हता. "शेकडो स्पिंडल एका खोलीत असते," ते म्हणाले, "त्यातली कोणती रडून राहिली ते ऐकू आलं पायजे."

आणि तरी चार मिनिटं. रोज चार मिनिटं मागे.

नकाशा एका इंग्रजी पुस्तकातला होता, त्यात लंबकाची परिणामी लांबी 994 मिलिमीटर दिली होती. मी तशीच ठेवली. माझ्या मोजण्यात चूक असणार हे उघड होतं, कारण लंबकाची खरी लांबी टेपने मोजता येत नाही, वजन कसं पसरलंय त्यावर ती ठरते. पण दुसरं एक कारण मला एका रात्री अडीच वाजता सुचलं, आणि ते माझं नव्हतं. ते 1672 सालचं होतं.

त्या वर्षी झाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलज्ञ दक्षिण अमेरिकेत केयेनला गेला, विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर. पॅरिसला अचूक चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक किंचित आखूड केला तेव्हा ते जुळलं. परत पॅरिसला आणलं तर पुढे पळायला लागलं. घड्याळ तेच, लंबक तोच. मग बदललं काय? तर गुरुत्वाकर्षण. विषुववृत्तापाशी पृथ्वी पोटाशी फुगलेली आहे आणि भोवऱ्यासारखी फिरतेय, त्यामुळे तिथे ओढ कमी. न्यूटनने 1687 च्या प्रिन्सिपियामध्ये पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे हे मांडताना रिशेचा हा लंबक पुरावा म्हणून वापरला.

मी लगेच हिशोब केला. लंडन साडेएक्कावन्न अंशांवर, नागपूर एकवीसवर आणि समुद्रसपाटीपासून 310 मीटर उंच. लंडनला सेकंदाचा लंबक 994.2 मिलिमीटर हवा, नागपूरला 991.5. फरक अडीच मिलिमीटरच्या थोडा वर. लंडनचं घड्याळ आहे तसं उचलून नागपूरला टांगलं तर ते दिवसाला साधारण 114 सेकंद मागे पडेल. जवळजवळ दोन मिनिटं. म्हणजे आमच्या चार मिनिटांतली दोन पृथ्वीची होती आणि दोन माझी. सकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझी दोन आधी काढ."

आता मला वाटायला लागलं की पृथ्वीचा हा आकार आपल्याकडे कोणी मोजला का? आणि मोजला. त्याचा शेवट आमच्या घरापासून पंच्याहत्तर किलोमीटरवर झाला.

विल्यम लॅम्बटन. इंग्रज फौजेतला अधिकारी, 1799 च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत होता. त्याने कंपनीला पटवलं की हिंदुस्थानची दक्षिण-उत्तर मोजणी करायची, नकाशासाठी तर हवीच, पण पृथ्वीचा आकार काढण्यासाठी सुद्धा. एक अंशाचं अंतर विषुववृत्ताजवळ किती आणि उत्तरेकडे सरकत जाताना किती, हे मोजलं की चपटेपणा कळतो. जे रिशेच्या लंबकाने सुचवलं, ते जमिनीवर साखळी टाकून तपासायचं. 10 एप्रिल 1802 ला मद्रासला पहिली पायारेषा मोजायला सुरुवात झाली, साडेसात मैलांची. तिथून त्रिकोणावर त्रिकोण जोडत काम वर सरकलं, आणि 1818 पासून त्याला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं.

त्याचं मुख्य हत्यार म्हणजे थिओडोलाइट. लंडनच्या कॅरी या कारागिराने बनवलेला, सुमारे अर्धा टन वजनाचा, कोन मोजायचं आडवं वर्तुळ तीन फूट व्यासाचं. येतानाच फ्रेंचांनी जहाज पकडलं आणि यंत्र मॉरिशसला नेलं. पण तिथल्या गव्हर्नरने ते सन्मानाने परत पाठवलं, युद्ध चालू असताना. आणि मग 1808 मध्ये तंजावरला ते देवळाच्या उंच गोपुरावर चढवताना दोर तुटला. पेटी भिंतीवर आपटली, वर्तुळ वाकलं. कोन मोजायचं वर्तुळच वाकलं म्हणजे संपलं. नवं मागवायचं तर समुद्रमार्गे वर्षं जाणार.

लॅम्बटनने काय केलं? तंबूत जाऊन बसला. सोबत हाताखालचे मोजके कारागीर, बाकी कोणाला प्रवेश नाही. सपाट फळीवर वर्तुळाचा मूळ आकार काढला आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून वाकलेली कड केसाकेसाने ओढत त्या रेषेवर आणली. सहा आठवडे लागले. आणि त्याच यंत्रावर पुढे वर्षानुवर्षं काम झालं.

हे वाचल्यावर मी बाबांना म्हटलं, चला, हिंगणघाटला जाऊ. कारण लॅम्बटन तिथे आहे. जानेवारी 1823 मध्ये, वय सत्तरीच्या घरात, तो हैदराबादहून नागपूरकडे येत होता, मोजणीचं ठाणं इकडे हलवायला. नागपूरला पोचलाच नाही. 20 जानेवारीला हिंगणघाटच्या मुक्कामी गेला.

हिंगणघाट म्हटलं की आम्हा विदर्भातल्या लोकांना कापूस आठवतो, वणा नदी आठवते. तिथे पृथ्वीचा आकार मोजणारा माणूस झोपलाय हे मला अठ्ठावीस वर्षांत शाळेत, कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या हाताखालच्या एव्हरेस्टचं नाव जगातल्या सगळ्यात उंच शिखराला आहे. आम्ही मोटरसायकलने गेलो, विचारत विचारत. बऱ्याच जणांना माहीत नव्हतं, एका म्हाताऱ्या गृहस्थांना होतं. थडग्यापाशी उभं राहून मी बाबांना तंजावरची गोष्ट पूर्ण सांगितली. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "वर्तुळ पितळेचं होतं?" मी म्हटलं, पितळेचंच धरा. ते जरा विचार करून म्हणाले, "पितळ एकदम ओढलं तं फाटते. सहा हप्ते बरोबर आहेत. घाई नाही केली त्यानं." मग खाली वाकून दगडावरची वाळलेली पानं हाताने बाजूला केली. चहा प्यायला आम्ही परत चौकात आलो.

जाता जाता एक नाव घ्यायलाच हवं. ही यंत्रं फक्त साहेबांनी सांभाळली नाहीत. एव्हरेस्टच्या काळात इंग्लंडहून हेन्री बॅरो नावाचा यंत्रकार आणला होता. तो गेल्यावर मोजणीची यंत्रं आर्कोटच्या सय्यद मीर मोहसिन हुसेन यांच्या हाती आली. शिखरांच्या उंचीच्या गोष्टीत राधानाथ सिकदार यांचं नाव आता निदान घेतलं जातं. ज्याने त्या दुर्बिणी आणि वर्तुळं चालू ठेवली त्याचं घेतलं जात नाही. बाबांच्या शेजारी बसून चौदा महिने काढल्यावर मला हे जरा जास्तच लागतं.

आणि लंबकही आला, बरं का. 1865 पासून कॅप्टन बसेवीने पितळी लंबक घेऊन हिंदुस्थानभर गुरुत्व मोजलं, अगदी दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंत. जे रिशेच्या हातून सहज घडलं, ते याने ठिकठिकाणी मुद्दाम केलं. 1871 च्या जुलैमध्ये लडाखच्या मोरे पठारावर, थंडीत, काम चालू असतानाच तो गेला. त्याच्या मोजमापात हिमालयाकडे ओढ अपेक्षेपेक्षा कमी दिसली, म्हणजे डोंगराखालचा खडक हलका आहे. एका झोक्यावरून डोंगराचं पोट कळतं.

तर, आमचं घड्याळ. लंबकाचा नट पृथ्वीसाठी सव्वातीन फेरे वर चढवला, आणि माझ्यासाठी जवळपास तेवढेच. जुळलं. मग एप्रिल आला.

नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पडवीत 44 अंश. पितळेची दांडी तापली की लांबते, आणि दर अंशाला दिवसाचे साधारण 0.8 सेकंद जातात. डिसेंबरच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत बत्तीस अंशांचा फरक धरला, तर रोजचे 26 सेकंद. जॉन हॅरिसनने अठराव्या शतकात यासाठी पितळ आणि पोलाद यांच्या दांड्यांची जाळी केली होती, एक खाली वाढते तर दुसरी वर. मला ती करायचीच होती. बाबांनी एका जुन्या दाराच्या चौकटीतून सागवानाची पट्टी काढली, रंधा मारला, तेल पाजलं. लाकूड रेषेच्या दिशेने उष्णतेने फारच कमी वाढतं. पावसाळ्यात थोडं फुगतं, ते खरं. पण आपलं घड्याळ आता आठवड्याला वीसेक सेकंदांच्या आत असतं. हॅरिसनची जाळी राहिली.

शेवटचा वाद वेळेवरूनच झाला. आपली भारतीय वेळ 1906 पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणारी. नागपूर एकोणऐंशी अंशांवर. म्हणजे आपली स्वतःची वेळ तिच्यामागे साडेतेरा मिनिटांच्या आसपास. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची, ती नागपूरच्या पुढे साडेचार मिनिटं. 1867 मध्ये इथे आगगाडी आली. पुढे गावाची एक वेळ आणि स्टेशनची दुसरी, असा मामला होता. बाबांना हे सांगितलं तर ते अडून बसले. "घड्याळ नागपूरचं, लंबक नागपूरचा, मंग वेळ मिर्झापूरची कायले?" आई म्हणाली, मला बस चुकवायची नाही, रेडिओशी जुळलं पाहिजे.

शेवटी काटे रेडिओशी जुळवले. आणि तबकडीवर, बारानंतर साडेतेरा मिनिटांच्या जागी, बाबांनी पंच ठेवून एक ठिपका मारला. दुपारी मिनिटकाटा त्यावर आला की नागपूरचे बारा. चष्मा लावला नव्हता, बोटाने चाचपून जागा धरली होती. ठिपका रेषेच्या थोडा खाली पडलाय. मी मोजलं, चौदा मिनिटांच्या जवळ जातो. त्यांना अजून सांगितलेलं नाही.